बिनअक्रोडाच्या कुकीज

खारूच्या आईचं पत्र येऊन बरेच महिने लोटले होते आणि ग्रंथपालांनी त्याला अजून उत्तर लिहिलं नव्हतं. निवृत्त होईपर्यंत साध्या चिठ्ठीचीही पोच देणारा माणूस. पण इथे मायन्यापुढे पेन सरकत नव्हतं. पत्रात रागाचा एक शब्द नव्हता, हीच पंचाईत होती. 'खारू ठणठणीत आहे, नव्या शाळेत रुळली आहे. आजीच्या त्या मोठ्या चॉकलेटच्या कुकीज मागते. अक्रोड न घालता पाठवाल का? आमचा तुमच्यावर विश्वास आहे.'

आज दुपारी बायकोने ओव्हन पुसायला घेतला.

"करतेस?" त्यांनी हळूच विचारलं.

"बघते. विश्वास आहे म्हणे त्यांचा. माझा नाही, त्याचं काय?"

तिने मैद्याचा जुना डबा कचऱ्यात ओतला. चमचे, वाडगं, सगळं उकळून काढलं. ट्रे नवा आणला होता. मिक्सर तर तेव्हापासून माळ्यावरच होता. अक्रोडाची पूड त्यातच झाली होती आणि तीही ग्रंथपालांच्या कवळीपायी. दाताखाली तुकडा आला की ते तोंड वाकडं करायचे, म्हणून त्यांच्या कुकीज वेगळ्या, पूड घातलेल्या. तेव्हा वरच्या मजल्यावर राहणारी खारू आपली कुकी नेहमी मोडून, आत अक्रोड नाही ना हे बघून मगच खायची. तिला तशी शिस्तच लावली होती. त्या दिवशीही तिने मोडून पाहिली. पुडीचं काय दिसणार? आपली बशी पुढे केली होती ग्रंथपालांनी, पुस्तकातून मान वर न करता. जिन्यातच पोरीचा चेहरा सुजला, ओठ निळे पडले. डॉक्टर वेळेवर भेटले म्हणून.

"उभे काय राहिलात खांबासारखे? हात धुवा आणि मैदा चाळा. जन्मभर नुसती पुस्तकंच चाळलीत."

त्यांनी चाळला. तिने लोणी आणि साखर फेसली, ओट्स घातले, चॉकलेटचे दाणे सढळ हाताने ओतले आणि मुठीएवढे गोळे लांब लांब मांडले. ट्रे आत गेला. थोड्या वेळाने घरभर वास सुटला. ओव्हनच्या काचेपुढे ती वाकून उभी राहिली. "बघा, फुगतायत," ती म्हणाली. तिचा असा आवाज त्यांनी कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता.

ओटा आवरताना चॉकलेटच्या दाण्यांचं रिकामं पाकीट त्यांच्या हाती आलं. छापलेलं काहीही असो, वाचल्याशिवाय टाकायचं नाही, ही त्यांची जन्माची खोड. मागच्या बाजूला, शिवणीजवळ, मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती. त्यांनी भिंग आणलं. मग पाकिटाची घडी घातली, आणखी एक घातली. बायकोच्या पाठीकडे पाहिलं. घडी उलगडली.

"अगं, हे बघ."

"चष्मा आत आहे. तुम्हीच वाचा."

"'या उत्पादनाच्या यंत्रांवर सुकामेव्याचे पदार्थही तयार केले जातात.'"

ती वळली नाही. "पुन्हा वाचा."

त्यांनी पुन्हा वाचलं. मग स्वतःच घाबरून म्हणाले, "म्हणजे असेलच असं नाही. कंपन्या लिहून ठेवतात आपलं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तशातलं..."

"तोंड आपलं पोळलं नव्हतं," ती म्हणाली.

कुकीज झाल्या तशा तिने बाहेर काढल्या. जाड, कडेला खरपूस, मधे भेगाळलेल्या. त्या टेबलावर ठेवून ती समोर बसली.

"आता लिहा."

"काय लिहू?"

"पाठवत नाही म्हणून लिहा. का, तेही लिहा, काही झाकू नका. आणि कृती लिहा. म्हणावं, तुझ्या घरात, तुझ्या हातानं कर. चॉकलेटच्या दाण्यांचं पाकीट आधी नीट वाचून घे."

ती सांगत गेली, ते लिहीत गेले. पेन आज अडलं नाही.

"आकार? तळहाताएवढा लिहू?"

"कुणाच्या तळहाताएवढा? खारूच्या? तुमच्या? लहान झाल्या तर ती म्हणेल, या आजीच्या नाहीतच."

त्यांनी ट्रेमधली एक कुकी उचलली. कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली की झालं. ती कागदाला टेकणार, तोच बायकोने त्यांचं मनगट धरलं.

"ठेवू नका!"

त्यांनी कुकी परत ठेवली. तिने एक डब्याचं झाकण साबणाने घासलं, कोरडं केलं, कागदावर उपडं ठेवलं आणि स्वतः पेन्सिल फिरवली. कागदावर नुसता गोल उमटला. त्याखाली ग्रंथपालांनी लिहिलं, 'एवढी मोठी.' पत्राची घडी घातली, पाकिटात सरकवलं, पत्ता घातला.

टपालपेटी रस्त्याच्या वळणावर होती. बायको घरातल्याच चपलांनी बरोबर आली. त्यांनी पाकीट आत सोडलं. हलकासा आवाज झाला.

ती तिथेच थांबली.

"कुकी उचलली होतीत तुम्ही," ती म्हणाली. "त्यानंतर पत्राची घडी घातलीत. मधे हात धुतलेत ना?"

ग्रंथपालांनी आपल्या बोटांकडे पाहिलं.

"धुतले," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "धुतले असतील."

तिने पेटीच्या फटीत हात घातला. आधी बोटं, मग तिरका करून, बांगडी मागे सारून, मनगटापर्यंत. रस्त्याने जाणारा एकजण थबकून बघू लागला. ती पत्र्याला गाल टेकून उभी होती, आणि आत बोटांना काही लागत नव्हतं.