नवरी बदलायची, बाकी तेच

२००६ सालच्या मार्चमधली दुपार. शहापूरला एसटी स्टँडच्या मागे बंटीचा स्टुडिओ होता. तिथे कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत सोनूबाई बसली होती, आणि पडद्यावर तिची मेलेली लेक हसत होती.

"बघ आये, कशी दिसतेय," तिचा मुलगा महेंद्र म्हणाला.

सोनूबाईने पदर तोंडाला लावला. दीप्तीला जाऊन वर्ष भरत आलं होतं. वाशिंदला सासरी स्टोव्ह भडकला, असं त्या लोकांनी सांगितलं होतं. आता तिच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या पुण्यानुमोदनाला टीव्हीवर लावायला महेंद्रला बहिणीची सीडी हवी होती. लग्नाचं शूटिंग बंटीनेच केलं होतं. त्यातले दीप्तीचे तुकडे वेगळे काढून, मागे गाणं लावून द्यायचं, एवढंच काम.

त्या वर्षभरात महेंद्रने आईला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली होती. भात लावताना विचारली, जेवता जेवता विचारली.

"आये, खरंच ती तुला कधी काय बोलली नाय?"

"नाय रे. बोलली असती तर पाठवली असती का मी?"

पोलिसांनाही तिने हेच सांगितलं. मुलीच्या आईचीच तक्रार नाही म्हटल्यावर प्रकरण तिथेच मिटलं. सोनूबाईला झोप लागायची ती याच एका वाक्याच्या आधाराने.

पडद्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडत होत्या. बदामाच्या आकारात दीप्तीचा चेहरा येई आणि हळूहळू मोठा होत जाई.

"एवढं सगळं दोन दिवसांत केलंस?" महेंद्रने विचारलं.

बंटी खूश झाला. "मेहनत एकदाच करायची, दोस्ता. किन्हवलीच्या एका लग्नाचं झकास मिक्सिंग जमलं होतं, तेच उघडलं. तिची क्लिप काढली, हिची टाकली. झूम, स्लो मोशन, पाकळ्या, सगळं जागच्या जागी राहतं. नवरी बदलायची, बाकी तेच."

शेवटचा तुकडा आला. दीप्तीच्या क्लिप संपल्या होत्या पण गाणं उरलं होतं, म्हणून बंटीने तिथे वरातीचा नाच भरला होता. नवरदेव मांडवाशी आलेला, बँड वाजतोय, पुढे महेंद्र हात वर करून नाचतोय. लग्नाची सीडी आली तेव्हा सगळी आळी एका टीव्हीपुढे दाटीवाटीने बसली होती, आणि हा नाच तर लोकांनी मागे नेऊन नेऊन पाहिला होता. पाहिले होते ते नाचणारे.

किन्हवलीच्या मिक्सिंगमध्ये मात्र या जागी नवरी होती, वरच्या डाव्या कोपऱ्यात लाजून बसलेली. तिच्यासाठी बसवलेला झूम आता नाचणाऱ्यांना सोडून त्या कोपऱ्याकडे सरकू लागला.

"अरे, हे चुकलं," बंटी माऊसकडे वळला. "शेवटचा मी बघितलाच नाय. दोन मिनिटांत—"

"थांब," महेंद्र म्हणाला.

कोपऱ्यात घराचं दार होतं. दारात लग्नाच्या पांढऱ्या साडीतली दीप्ती, आणि तिच्यासमोर सोनूबाई. चित्र थोडं फुटत होतं, तरी माणसं ओळखू येत होती. दीप्तीने आईचं मनगट धरलं होतं. ती घाईघाईने काहीतरी सांगत असावी, पण तिकडच्या नवरीच्या लाजण्यासाठी केलेली संथ चाल इथेही तशीच होती. दीप्तीचे ओठ सावकाश उघडत होते, सावकाश मिटत होते. मग सोनूबाईचा हात वर आला आणि लेकीच्या तोंडावर घट्ट बसला. हात तसाच ठेवून सोनूबाई मांडवाकडे बघून हसली. बदाम त्या दोघींभोवती आवळत गेला. वरून पाकळ्या पडत राहिल्या.

गाणं संपलं.

"काय सांगत होती ती?" महेंद्रने विचारलं.

"अरे, लग्नात पोरी रडतातच," बंटी मध्ये पडला. "मावशी, काढतो मी हा. एखादा हसण्याचा परत लावू."

खोटं सोनूबाईच्या जिभेवर आलंच होतं. पाणी मागत होती. भूक लागली म्हणत होती. महेंद्रने ते मानलं असतं. त्याला मानायचंच होतं.

"नको काढू," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे तसंच. लोकांना बघू दे."

मग ती मुलाकडे वळली, पण त्याच्या डोळ्यांत तिला बघवेना. "हळद लावताना त्यांच्याकडची एक बाई तिला बोलली होती. तेच सांगत होती मला. आये, त्याची आधी एक बायको होती गो. ती पण जळूनच मेली."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, गप. वरात दारात आलीय."

महेंद्र तिला तसाच पोलिसांकडे घेऊन गेला. प्रकरण पुन्हा उघडलं, कोर्टात गेलं आणि रेंगाळलं. हळद लावणारी बाई साक्षीत फिरली. जावई सुटला आणि नाशिककडे निघून गेला, पुढे त्याचं काय झालं ते कुणाला ठाऊक नाही. बंटीने स्टुडिओ विकला आणि वाशिंदला कारखान्यात लागला. महेंद्र खर्डीला वेगळा राहू लागला. भाताच्या दिवसांत आईकडे तांदूळ पोचवायचा, पण तिच्या हातचं पुन्हा जेवला नाही.

आणि सोनूबाई आसपासच्या गावांतल्या लग्नांना जाऊ लागली, बोलावणं असो नसो. वरात दाराशी आली आणि सगळ्या बायका बाहेर धावल्या की ती आत शिरायची, नवरीपाशी बसायची आणि आपला कान तिच्या तोंडाशी न्यायची.

"काय सांगायचंय का गो बाय तुला?"

लेकीच्या दुःखाने डोकं फिरलंय बिचारीचं, बसू द्या, असं बायका म्हणत. नवऱ्या मुली लाजून हसत.

मुरबाडजवळच्या एका लग्नात एक मुलगी हसली नाही.