फ्लोराईडच्या आठ खुणा

दातांवरच्या तारेचा शेवटचा ठोकळा पकडीत कट्कन सुटला आणि डॉक्टरांनी तो ट्रेमध्ये टाकला. दोन वर्षांनी दात मोकळे झाले. मुलीनं जिभेनं ते चाचपून पाहिले. इतके गुळगुळीत लागले की तिला हसूच आलं. खुर्चीशेजारी लाळ ओढायची नळी धरून उभी असलेली तिची आईही हसली. या दवाखान्यात ती नऊ वर्षं मदतनीस होती. कितीतरी पोरांच्या तारा तिच्यासमोर निघाल्या होत्या, पण आज घरचं कार्य असल्यासारखी सकाळपासून तिची लगबग चालली होती.

डॉक्टरांनी उरलेला गोंद खरवडला, हवेचा झोत मारून दात कोरडे केले आणि थांबले.

"बाई, आरसा द्या."

समोरच्या चार दातांवर चार चौकटी उमटल्या होत्या. मध्ये, जिथे ठोकळा चिकटलेला होता, तिथे दात छान. भोवती मात्र खडूनं गिरवल्यासारखी पांढरी कडा. एका सुळ्याच्या मुळाशी तर तपकिरी खड्डा पडला होता.

"हे डाग पुरते जायचे नाहीत आता," डॉक्टर म्हणाले. "आणि हा खड्डा भरावा लागेल. कार्ड बघू."

कार्ड आईनंच दिलं. द्यावंच लागलं. तारेभोवती दात किडू नयेत म्हणून दर तीन महिन्यांनी फ्लोराईडचा लेप, असे आठ चौकोन. आठही चौकोनांत 'लावला' म्हणून बरोबरची खूण आणि शेजारी आईची सही.

त्यातल्या पहिल्या दोन खुणा खऱ्या होत्या. मुलगी घरची, म्हणून तिचा नंबर नेहमी सगळ्यांत शेवटी. डॉक्टर तार आवळून निघून जायचे, लेपाचं काम आईकडे राहायचं. तोवर तिचे पाय मोडून आलेले असायचे आणि हत्यारं धुवायची बाकी असायची. "पुढच्या वेळी लावू गं, तू काय कुठे पळून चाललीस?" पण चौकोन रिकामा दिसला की डॉक्टर चारचौघांत खडसावायचे, म्हणून खूण तेवढी न चुकता व्हायची. आणि परक्यांच्या पोरांना हीच बाई दम भरायची, लेप चुकवलात तर पस्तावाल म्हणून. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, ते काही उगाच नाही.

"लेप तर वेळच्या वेळी झालाय," डॉक्टर मुलीला म्हणाले. "म्हणजे ब्रश नीट करत नव्हतीस तू. दोन वर्षं मला थापा मारल्यास की नाही?"

मुलीनं आईकडे पाहिलं. रोज जेवण झाल्यावर वीस-वीस मिनिटं आरशासमोर उभी राहून तारेखालून बारका ब्रश फिरवणारी पोर ती. "बास कर आता, दात झिजतील," असं आईच ओरडायची. आता ती नुसती बघत होती, आई काय म्हणते याची वाट.

एकच वाक्य बोलायचं होतं. ते आईच्या अगदी ओठांवर आलं. पण डॉक्टरांचं बोट कार्डावर तिच्या सहीपाशी टेकलेलं होतं, आणि मागच्या वर्षी एका खोट्या नोंदीपायी उभ्या उभ्या घरी पाठवलेली दुसरी मदतनीस तिला आठवली.

"सांगून सांगून थकले मी, डॉक्टर," ती म्हणाली. "ऐकेल तर शपथ."

शब्द तोंडातून गेले आणि तिला स्वतःचीच किळस आली. पण परत कुठून घेणार?

"आळस केला मी," मुलगी म्हणाली. आवाज साधा होता, रागाचा मागमूसही नव्हता. ती रागावली असती तर आईला बरं वाटलं असतं.

बाहेर बाकावर दहा-अकरा वर्षांची एक छोटी वडिलांबरोबर बसली होती. तिला आज तारा लागायच्या होत्या. डॉक्टरांनी दोघांना आत बोलावलं.

"ये, तुला एक गंमत दाखवतो. या ताईनं दातांची हेळसांड केली, काय झालं बघ. बाई, दिवा जरा खाली घ्या."

आईनं दिवा खाली ओढला. उजेड नेमका तोंडात पाडायला तिचा हात बसलेला होता. मुलीनं न सांगता आ केला आणि नीट दिसावं म्हणून वरचा ओठ बोटानं उचलून धरला. छोटीनं चवड्यांवर उभं राहून एकेक दात निरखला. मागे तिचे वडील चुकचुकत होते.

"तुला कुणी सांगितलं नव्हतं का?" छोटीनं विचारलं.

मुलीनं तोंड मिटलं.

"सांगितलं होतं ना," ती म्हणाली. "माझी आई इथेच कामाला आहे."