फाटकावरची बोगनवेल

“साहेब, हाच कलर होता.”

चंदन लेकीच्या लग्नाची पत्रिका द्यायला गच्चीवर आला होता आणि पत्रिका हातातच धरून बोन्सायपुढे उभा राहिला होता. रूपराव बोगनवेलीच्या फांदीला तार गुंडाळत होते. तार सुटली आणि काटा बोटात गेला.

“कोणता कलर?” त्यांनी विचारलं. काही प्रश्न उत्तर माहीत असल्यामुळेच विचारावे लागतात.

“सुलोचनाबाईच्या फाटकावरच्या बोगनवेलीचा. मी उपटली ना ती.”

ती चंदनने उपटली नव्हती. रूपरावांनी उपटली होती. चार वर्षांपूर्वी, मे महिन्यात, सुलोचनाबाई लेकीकडे अकोल्याला गेलेल्या असताना आर्वीतल्या याच गल्लीत नालीचं काम निघालं. जेसीबीवर चंदन. तो यायच्या आदल्या पहाटे रूपरावांनी पहार घेऊन मांडीएवढं खोड मुळासकट काढलं. झाड वाचवतोय, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. नाली दोन हात लांबून गेली. बाई परत आल्या तेव्हा “जेसीबीनं नेली” असं सांगून ते मोकळे झाले. बाईंनी चंदनला विचारलं. दिवसाला शंभर झुडपं काढणाऱ्या माणसाला कोणतं कोणाचं हे कुठून आठवणार? त्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, “निघाली असन, बाई.” एवढ्यावर खटला निकाली निघाला.

पुढे रूपरावांनी खोड वाळूत रुजवलं, फांद्या वाकवल्या, उथळ कुंडीत बसवलं. नागपूरच्या प्रदर्शनात त्याला पहिलं बक्षीस मिळालं. शेजारच्या पाटीवर वय होतं, उंची होती. ‘कोठून मिळवले’ या रकान्यात त्यांनी ‘निसर्ग’ असं लिहिलं होतं.

“चार वर्षं झाले, बाई बोलत नाई माह्यासंगं,” चंदन म्हणाला. “सिलिंडर चढवून देतो, दळण आणून देतो, दवाखान्यात नेतो. चहा देतेत, पण तोंड उघडत नाई. आता मोहिनीचं लग्न आहे. बाईनं तिले दहावीपर्यंत फुकट शिकवलं. बाई नाई आल्या त पोरगी मांडवात उभी नाई राहत म्हणते. याची एक फांदी द्या न साहेब. त्यांच्या फाटकावर लावून देतो. माफी मागाले काही त पाह्यजे हातात.”

रूपरावांनी कात्री उचलली. मग ठेवून दिली. चोरीच्या झाडाची फांदी चोरी न केलेल्या माणसाच्या हातात देऊन त्यालाच माफी मागायला पाठवायचं, एवढं त्यांनी बँकेतल्या नोकरीच्या तीस वर्षांतही केलं नव्हतं.

“तू घरी जा,” ते म्हणाले. “मीच जातो बाईंकडे.”

कुंडी दोन्ही हातांत धरून त्यांनी गल्ली ओलांडली. कुंडी जड होती, तरी त्यांनी ती वाटेत खाली ठेवली नाही. ठेवली असती तर परत फिरले असते.

सुलोचनाबाई ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या.

“बाई, ही तुमची. मी काढली होती. चंदननं नाही.”

वाक्य चार वर्षं घोटलेलं होतं. चार सेकंदांत संपलं.

बाईंनी एक काडी बाजूला टाकली. “माहीत आहे. पेपरात फोटो आला होता न तुमचा, बक्षीस घेताना. वीस वर्षं पाणी टाकलं मी तिले. खोड नाई ओळखू येणार?”

“मग तुम्ही चंदनला...”

“हळू बोला.” बाईंनी गल्लीच्या टोकाला चंदनच्या घराकडे पाहिलं आणि नजर पुन्हा मेथीत घातली. “लग्नाले जाणार आहो मी. पोरीसाठी साडी घेऊन ठेवली. फक्त त्याले माफ नाई करत. लेक अकोल्याले, गुडघ्याचं हे असं. माफ केलं, त उद्या माह्यं दळण कोण आणन?”

कुंडी रूपरावांच्या हातात तशीच होती. ती कुठे ठेवावी हे त्यांना कळेना.

“माझं नाव तरी घ्यायचं होतं, बाई. तेव्हाच.”

“घेऊन काय झालं असतं, रूपरावजी?” बाई म्हणाल्या. “तुम्ही सॉरी म्हटलं असतं न मोकळे झाले असते.”