दुसरी रांग

लेक फळझाडांवर संशोधन करायची आणि प्रयोगाला बाग बाबांचीच होती. पर्सिमॉन या परदेशी फळाच्या झाडांच्या दोन रांगा दाखवून तिनं बजावलं, "पहिलीवर हे संजीवक फवारायचं, दुसरीवर नुसतं पाणी. कोवळी फळं कुठे जास्त गळतात, ते बघायचंय." बाबा मान डोलावून मोकळे झाले.

महिन्यानं ती मोजायला आली, तर दोन्ही रांगा सारख्याच लगडलेल्या! वर्षभराची मेहनत पाण्यात गेली.

"बाबा, दुसरीवरही फवारलंत?"

बाबा फवारणीचा पंप पुसत राहिले. "दोघींना निम्मं निम्मं दिलं."

"अहो, पण का?"

"माझ्यानं होईना गं. एकदा केलंय तसं. तुला कॉलेजात पाठवलं, धाकटीला घरी ठेवलं."