हिरव्या बाटलीची शीळ

“घे बाई, चष्मा तडकला माझा. खाली गेले की मासे हसतात मला,” म्हणत दुरीने पाण्यात घालायचा चष्मा चुनोकच्या पुढ्यात टाकला.

चुनोकने तो बाहुलीच्या तोंडावर बसवला. बाहुली माणसाएवढी. जेजू बेटावरच्या पाणबुड्या मैत्रिणींनी टाकायला काढलेल्या वस्तूंचीच घडवलेली. केस म्हणून विटलेलं जाळं, कणा म्हणून गंजलेली सुरी, पोट म्हणून तरंगायचा फुटका भोपळा. चुनोकच्या लेकीला, मिहाला, समुद्राने परत दिलं नव्हतं; तिच्या जागी ही बाहुली.

माथ्यावर हिरवी बाटली. ती बोक्जाने दिली होती, मान खाली घालून. त्या दिवशी मिहा आणि बोक्जा जोडीने बुडी मारून गेल्या आणि एकटी बोक्जा वर आली. वर्ष झालं, ती पाण्यात उतरली नव्हती. रडलीही नव्हती.

पाण्याबाहेर येताना कोंडलेला श्वास सुटतो, त्याची शीळ होते. प्रत्येकीची निराळी. मिहाची दोन तुकड्यांत यायची, मधे हसू सांडल्यासारखी. बोक्जा पूर्वी तिची हुबेहूब नक्कल करून सगळ्यांना हसवायची.

“वाऱ्यावर बाटली वाजेल,” चुनोक म्हणाली. “मिहासारखी वाजली, की तिचं उत्तरकार्य करीन. तोवर नाही.”

बोक्जाने ऐकलं आणि ती काठीने वाळू उकरत राहिली.

बाहुली कड्यावर उभी राहिली. आठ दिवस वारा होता, बाटली मुकी होती. नवव्या दिवशी बायका दगडी आडोशात शेकत बसल्या असताना शीळ आली. दोन तुकड्यांत. मधे हसू.

दुरीच्या हातातलं रताळं तसंच राहिलं.

मग धापा टाकत बोक्जा आली. “गुडघ्याने उशीर केला गं, ताई. काय झालं?”

“माझ्या पोरीने हाक दिली,” चुनोक म्हणाली. “बस. रताळं निवलं तुझं.”

बोक्जा बसली आणि ओंजळीत तोंड घालून हमसून हमसून रडली. चुनोक तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

मग रोज शीळ, रोज बोक्जाला उशीर.

“चुनोक, आज वारा पडलाय गं,” एकदा दुरी हळूच म्हणाली.

“वर असेल. वरचा वारा वेगळा असतो.”

“आणि बोक्जाचा गुडघा?”

“बरा होईल. तू खा.”

पौर्णिमेला देवऋषीणबाईने पांढरं कापड पाण्यात सोडून मिहाचा जीव किनाऱ्याला बोलावला. चुनोकने भाताचं पान वाहिलं.

दुसऱ्या सकाळी बोक्जाने पाण्याचे कपडे चढवले. खाली गेली. बराच वेळ पाणी सपाट राहिलं. मग ती वर आली आणि शीळ घुमली. एकसंध, जाडसर, तिची स्वतःची.

चुनोक उठली. कड्यावर जाऊन तिने बाहुलीच्या माथ्यावरची बाटली काढली. पहिल्याच दिवशी तिने बाटलीच्या तोंडात ठासलेलं मेण, तिच्या अंगठ्याच्या ठशासकट, जसंच्या तसं होतं.