दारावरची सूचना

संशोधनाच्या तासासाठी आम्ही दोघींनी एक खोटी सूचना रचली. लॉरेटा हायस्कूलमध्ये इतिहास शिकवते, मी तिथली ग्रंथपाल. ग्रंथालयाच्या दारावर मी कागद चिकटवला: ‘कायमचं बंद.’ मुलांनी खरंखोटं तपासावं, निदान मला येऊन विचारावं, एवढीच अपेक्षा होती. कुलूपही लावलं नव्हतं. आठवडा सरला, तरी दार कुणी ढकलूनसुद्धा पाहिलं नाही. “अगं, कॅन्टीनमधला पिझ्झा बंद म्हटलं असतं तर दंगल झाली असती!” हसता हसता लॉरेटाचा आवाज चिरकला. तेवढ्यात मुख्याध्यापक आले. मी कागद काढायला धावले. “सर, हा नुसता सराव होता!” “आणि एकाही पालकाचा फोन नाही?” त्यांनी खिशातून पेन काढलं. “शाळामंडळ म्हणतंय, फुटबॉल सोडून कुठल्याही खर्चाला कात्री लावा.” “अजून आठवडा द्या, सर! मुलांना ओढून आणते!” माझा हात बाजूला सारून त्यांनी त्याच कागदावर सही केली.