गळ्यातली पाटी

लाकडी पाटी आता खिडकीजवळच्या मुलीच्या गळ्यात पडली आणि वर्ग खदाखदा हसला.

"मॅडम, ती घरच्या भाषेत बोलली! मी स्वतः ऐकलं!" नुकतीच पाटीतून सुटलेली तिची मैत्रीण टाळ्या पिटत होती.

इतिहासाच्या बाईंना शिसारी आली. खेळ त्यांनीच मांडला होता. साहेबाच्या धोरणामुळे देशाला दोन भाषांचा, दोन संस्कृतींचा समृद्ध वारसा लाभला, असं पुस्तकात होतं. लाभला म्हणे! जसा काही साहेब जाताना आहेर करून गेला. तो वारसा पोरांच्या माथी कसा मारला, ते बाईंना दाखवायचं होतं. साहेबाच्या शाळेत घरची भाषा बोलणाऱ्याच्या गळ्यात अशीच पाटी घालत. त्याने दुसऱ्या कुणाला पकडून दिलं, की पाटी त्या दुसऱ्याकडे. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात ती असेल, त्याला छड्या. छड्या वगळून बाईंनी आज दिवसभर तेच चालवलं होतं. त्यांना वाटलं, पोरं चिडतील, पाटी फेकून देतील.

पोरं कसली चिडतात! दुपारपर्यंत ती तरबेज झाली. दाराआड कान लावून बसू लागली. खिडकीजवळच्या मुलीच्या पायावर तर मैत्रिणीने मुद्दाम टाच रोवली होती. ती कळवळून "आई गं" म्हणाली, तेवढं पुरलं.

"काय शांत वर्ग आहे हो तुमचा!" शेजारच्या वर्गावरचे सर डोकावून कौतुकाने म्हणाले. बाईंना सगळ्यांचीच किळस येत होती, आणि स्वतःची सगळ्यात जास्त.

शाळा सुटली. त्या मुलीने कुणालाच पकडून दिलं नव्हतं. ती पाटीसकट हुंदके देत फाटकाकडे धावली आणि आईला बिलगली. बाई मागोमाग गेल्या. निदान या एका पोरीच्या मनातून तरी आजचा दिवस पुसायला हवा होता.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. सगळी हकीकत त्यांनी सांगून टाकली. "मोठ्या सरांकडे माझी तक्रार करा. मी नाही म्हणणार नाही."

आईने साहेबाच्या भाषेतली दोन-तीन वाक्यं कशीबशी जुळवली. मग नाद सोडला आणि घरच्या भाषेवर आली.

"तक्रार कसली, मॅडम? उलट उपकार झाले. घरात दिवसभर हिच्या कानावर घरचीच भाषा पडते, मग साहेबाची येणार कशी?" तिने लेकीच्या गळ्यातून पाटी काढली, दोरी ओढून पाहिली. "आजचा दिवस घरी नेऊ का ही? उद्या अशीच दुसरी करून घेते."

"अहो, पुन्हा या पोरीच्या गळ्यात घालणार तुम्ही?" बाईंचा आवाज चढला.

"छे हो, हिच्या कशाला?" आई म्हणाली. "सासूबाईंच्या."